वरचा बाण, अकरा वेळा

५ जानेवारी

तीर्थरूप आत्या,

नमस्कार. वाकून केलाय असं समज, कारण आत्ता खुर्चीतून उठायलाही फुरसत नाही.

निवृत्त झाल्यावर कीबोर्डला हात लावणार नाही अशी शपथ तू घेतलीस. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र तू कपाटात जपून ठेवलंयस. त्यामुळे ऑफिसची गाऱ्हाणी कागदावर लिहून पोस्टात टाकणारी या नकाशाघरातली मी एकटीच. पोस्टातला माणूस मला आता ओळखतो आणि माझी थोडी कीवही करतो.

तुझ्या खुर्चीत बसून मला पाच महिने झाले. साडेतीन वर्षं रिकामी होती, तिच्यावर तुझा आकार अजून आहे. कायम करायचं की घरी पाठवायचं ते पुढच्या महिन्यात ठरणार. १२ फेब्रुवारीला साहेब तपासणीला येतील आणि जुन्या मोजणीचे चारशे बारा नकाशे मोठ्या डिस्कवर नीट आहेत का ते बघतील. ते स्कॅनरताईंनी तीन महिने खपून चढवलेत. ते दिसले की त्यांचं कंत्राट वाढेल आणि मी कायम होईन. म्हणजे आम्हा दोघींचं नशीब एकाच फोल्डरात आहे.

आता गाऱ्हाणं. बाबा सध्या तुझ्याकडे राहतात आणि माझी पत्रं तुझ्याआधी वाचतात, म्हणून त्यांना कळेल असं लिहिते. बाबा, आम्ही मशीनशी बोलतो ती काळी खिडकी असते, तिला शेल म्हणतात. तिच्यात आज्ञा टाइप करायची आणि एंटर दाबायचं. दिलेली प्रत्येक आज्ञा खिडकी लक्षात ठेवते. वरचा बाण दाबला की शेवटची आज्ञा परत येते, पुन्हा दाबला की तिच्या आधीची. खिडकी बंद केली की ती हे सगळं एका वहीत उतरवते. आम्ही सगळे एकाच खात्यावर काम करतो, म्हणून वही एकच आणि खिडक्या चार. आणि शेवटी बंद होणारी खिडकी आधीच्या सगळ्यांचं पुसून स्वतःचंच लिहून मोकळी होते.

मंगळवारी रुंद नकाशा छापायची आज्ञा जुळवायला मला दोन तास लागले. हातभर लांब होती. बुधवारी वरचा बाण दाबला तर ती गायब, कारण स्कॅनरताईंनी त्यांची खिडकी माझ्यानंतर बंद केली होती. आता मी असं करणार आहे, की एंटर दाबताक्षणी आज्ञा वहीत जाईल आणि चारी खिडक्यांना लगेच दिसेल. सगळ्यांचं सगळं एकत्र. कसं वाटतं?

आणि एक. मशीनच्या खोलीत कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर तुझ्या अक्षरात चिठ्ठी आहे, ‘ही खिडकी बंद करू नये’. झाडणारेसुद्धा त्या मशीनची धूळ लांबूनच फुंकतात. चार वर्षं उघडी असलेल्या त्या खिडकीत आहे तरी काय?

तुझं शेंडेफळ


११ जानेवारी

चि. शेंडेफळास अनेक आशीर्वाद.

वाकून केलेला नमस्कार पोचला नाही, खुर्चीतच अडकला असावा. तुझे बाबा पत्र वाचून म्हणाले, खिडकी, वही, सगळं समजलं, फक्त ऑफिसात काम कधी करतात ते समजलं नाही. मी त्यांना चहा करायला पाठवलं.

तुझी अडचण खरी आहे. मलाही ती एकतीस वर्षं होती. पण औषध रोगापेक्षा जालीम होऊ नये. तू नवी आहेस म्हणून सांगते, त्या ऑफिसात आज्ञा कोणी लिहून ठेवत नाही आणि कोणी पाठही करत नाही. तिथे सगळे मोजतात. स्कॅनरताई सकाळी आल्या की पर्स टेबलावर ठेवायच्या आधी डाव्या हाताने दोनदा वरचा बाण आणि एंटर दाबतात. कालचे नकाशे सरळ होऊन जागच्या जागी लागतात. ती आज्ञा काय आहे ते विचारलंस तर त्यांना सांगता येणार नाही. बोटांना माहीत आहे, तेवढं पुरतं.

ही सवय त्यांना मीच लावली. मी स्वतःही ‘दोन वर, एंटर’ वरच नोकरी काढली. आता सगळ्यांची वही एक केलीस, तर तुझी आज्ञा त्यांच्या खिडकीत जाऊन बसेल आणि त्यांची मोजणी चुकेल. एका घरात चार चुली असल्या तरी भांडी ज्याची त्याने घासावी. करायचंच असेल तर दहा वेळा विचार कर.

कोपऱ्यातल्या खिडकीला हात लावू नकोस. मशीन जुनं आहे, खिडकी बंद केली की डिस्क रुसते.

आत्या


१८ जानेवारी

तीर्थरूप आत्या,

दहा वेळा विचार केला. दहाही वेळा तेच उत्तर आलं, म्हणून शुक्रवारी करून टाकलं.

काय मजा आहे म्हणून सांगू! माझ्या खिडकीत वरचा बाण दाबला की अख्खं ऑफिस समोर उभं राहतं. स्कॅनरताई दिवसातून पाच वेळा मशीनला तारीख विचारतात. भिंतीवर कॅलेंडर आहे, पण त्यांचा त्याच्यावर विश्वास नाही. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, यात इतकं सुख असेल असं वाटलं नव्हतं. रुंद नकाशाची आज्ञाही सापडली आणि आता ती सगळ्यांना सापडते.

मोजणीचं म्हणशील, तर मी सगळ्यांना गोळा करून सांगितलंय की यापुढे मोजायचं नाही, वाचायचं. सगळ्यांनी मान डोलावली.

आता तुझ्या खिडकीबद्दल. डिस्क रुसते हे कारण मी ऐकून घेतलं, कारण तू वडीलधारी आहेस. पण डिस्क रुसत नाही, आत्या. ती चालते किंवा बंद पडते. मी चिठ्ठी उचलून पाहिली. नुसता पडदा, कोपऱ्यात लुकलुकणारी एक खूण आणि वर काही नाही. एकही काम चालू नाही. खिडकी रिकामी बसून आहे. मग पहारा कशाचा?

स्कॅनरताई म्हणतात, तुझ्या निरोपाच्या दिवशी चार वाजता सगळे हार घेऊन वाट बघत होते आणि तू चाळीस मिनिटं मशीनच्या खोलीत दार लावून बसली होतीस. बाहेर आलीस तेव्हा डोळे लाल. साहेबांनी भाषणात सांगितलं म्हणे, की कामावर इतका जीव असलेलं माणूस पुन्हा मिळणार नाही. ते ऐकून दोघीतिघींनी पदराने डोळे पुसले. तेव्हापासून इथे कोणी तुझ्या खिडकीला हात लावत नाही. मीही लावलेला नाही, पण बोटं शिवशिवतात. खरं कारण सांग.

तुझं शेंडेफळ


२४ जानेवारी

चि. शेंडेफळास आशीर्वाद.

मान डोलावणं आणि ऐकणं यांत किती फरक असतो तो तुला लवकर कळू नये, एवढीच इच्छा.

खिडकीचं कारण असं, की ते मशीन गरम होतं. एक खिडकी उघडी असली की गरमी कमी राहते. यावर तू हसशील. हस. एकतीस वर्षांत माझ्या हातून त्या डिस्कवरची एक ओळ चुकीची पुसली गेली नाही, तेव्हा माझ्या चिठ्ठीला काहीतरी अर्थ असेल एवढं धरून चाल.

स्कॅनरताईंना माझा नमस्कार सांग. त्या दिवसाबद्दल त्यांनी फार बोलू नये.

तुझे बाबा विचारताहेत की नोकरी कायम झाली की नाही. मी म्हटलं, १२ तारखेपर्यंत धीर धर. ते म्हणाले, हिच्या हातात मशीन असताना धीर कसला धरायचा. माझं त्यांच्याशी एकमत झालं, असं फार क्वचित होतं.

आत्या


३० जानेवारी

तीर्थरूप आत्यास सादर नमस्कार.

पत्र मिळाले. इकडे सर्व ठीक आहे. हवा बरी आहे. काम व्यवस्थित चालू आहे.

एक सहज विचारायचे होते. समजा, एखाद्या ऑफिसात मोठ्या डिस्कवरचे एक फोल्डर कोणाच्या हातून चुकून रिकामे झाले, आणि समजा ऑफिसची नेहमीची प्रत नोव्हेंबरपासून काढलेली नाही, कारण जागा नव्हती आणि नवीन माणूस जागा करण्याच्याच खटपटीत होता, तर तुमच्या काळी अशा वेळी काय करीत? घाई नाही. केवळ माहितीसाठी.

बाबांना नमस्कार.

तुझी भाची


३ फेब्रुवारी, कुरियरने

शेंडेफळ,

तुझं पत्र काल दुपारी आलं. त्यात एकही चेष्टा नव्हती आणि मला ‘सादर’ नमस्कार होता. तुझे बाबा म्हणाले, किती शहाणी झाली पोरगी. मी म्हटलं, हिने डिस्क पुसलीय.

उत्तर लिहायला संध्याकाळ झाली. दोन कागद फाडले. हा तिसरा. आता ऐक, आणि या वेळी मान डोलावू नकोस.

कोपऱ्यातल्या मशीनकडे जा. चिठ्ठी काढ. माझ्या खिडकीत वरचा बाण अकरा वेळा दाब. एंटरला बोट लावायचं नाही. मग एकेक ओळ खाली उतर आणि वाच. पाचव्या ओळीत तुला प्रत कुठे आहे ते दिसेल, ती त्याच मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर आहे. फोल्डरचं नाव ‘रद्दी’. कोणी बघू नये म्हणून ते नाव दिलं. रोज पहाटे चार वाजता मोठ्या डिस्कवरचे सगळे नकाशे तिथे उतरतात. त्याआधी मी अधूनमधून हाताने उतरवायची, गेली चार वर्षं आपोआप उतरताहेत. कोणाला सांगितलेलं नाही.

पण तिथे चौदा दिवसांचीच प्रत राहते, पंधराव्या दिवशी सगळ्यांत जुनी गळते. तुझं फोल्डर कोणत्या तारखेला रिकामं झालं ते तू लिहिलं नाहीस, शहाणपणा केलास. म्हणून हे कुरियरने पाठवते आहे. पत्र हातात पडलं की ऊठ, खुर्चीत बसून नमस्कार करत राहू नकोस.

त्या अकरा ओळी मी कोणाला वाचू दिल्या नव्हत्या. तू वाच. हसायचं असेल तर दार लावून हस.

आत्या


६ फेब्रुवारी

आत्या,

चारशे बाराच्या चारशे बारा परत आले. आधी हे वाच, बाकीचं नंतर. बाबा, तुम्हीही.

आता सगळं सांगते. २८ तारखेला सकाळी मी माझ्या खिडकीत, माझ्या चाचणीच्या फोल्डरात, जागा करत होते. आज्ञा दिली, ‘इथलं सगळं पूस’. मग रिकामं झालं का ते बघायला यादी मागितली. झालं होतं. माझ्या फोल्डरात ती आज्ञा अगदी निरुपद्रवी होती. तेवढ्यात स्कॅनरताई आल्या. त्या त्यांच्या खिडकीत नेहमी नकाशांच्याच फोल्डरात असतात. पर्स अजून खांद्यावर, डावा हात पुढे, दोन वर, एंटर. एक वर म्हणजे माझी यादी. दोन वर म्हणजे माझं ‘इथलं सगळं पूस’. फक्त त्यांचं ‘इथलं’ वेगळं होतं.

त्यांना कळलंसुद्धा नाही. पर्स ठेवून पाणी प्यायला गेल्या. मला कळलं, कारण वरचा बाण दाबला तर माझीच आज्ञा दुसऱ्यांदा आलेली दिसली. मी धावत त्यांच्या खिडकीशी गेले आणि यादी मागितली. रिकामी. पुन्हा मागितली. सहा वेळा मागितली, आत्या, जणू सहाव्यांदा दया येईल.

त्यांना मी सांगितलं की मोठी डिस्क साफ करायला घेतलीय, आठवडाभर नकाशे दिसणार नाहीत. बोट त्यांचं होतं, पण त्या बोटाखाली माझी आज्ञा मीच नेऊन ठेवली होती, आणि तू सांगितल्यावरही ठेवली होती. त्यांच्यावर ढकलणं सोपं होतं. वहीत तसंच दिसत होतं. आठ दिवस त्या मला रोज विचारायच्या, चाललीय ना सफाई, आणि मी मान डोलवायचे.

काल कुरियर आलं. उठले. अकरा वेळा दाबलं.

अकरावी ओळ, ‘इथलं सगळं पूस’. नकाशांच्या फोल्डरात.

मी चिठ्ठीकडे बघितलं, मग ओळीकडे, मग परत चिठ्ठीकडे. एकतीस वर्षांत एक ओळ चुकीची पुसली नाही म्हणणाऱ्या बाई! दहावी ओळ, यादी दाखव. नववी, यादी दाखव. आठवी, सातवी, यादी, यादी. सहाव्यात प्रत परत आणायची आज्ञा घाईत उलटसुलट टाइप केलेली. पाचव्यात तीच नीट. चौथ्यात पुन्हा यादी. मग रोज पहाटे प्रत काढायचं काम लावलेलं, मग ते लागलं का ते बघितलेलं. आणि सगळ्यांत शेवटी मशीनला विचारलेलं, किती वाजले.

तिथे मला कळलं की हा तुझ्या निरोपाचा दिवस. बाहेर हार घेऊन सगळे उभे आणि आत तू फाइली आणत होतीस. मी आणखी दोन ओळी वर गेले. तिथे तू आधी स्वतःचं फोल्डर पुसलं होतंस, जाताना टेबल आवरून जावं तसं. मग नकाशांच्या फोल्डरात आलीस आणि सवयीने दोन वर, एंटर. दार लावून हसले, आत्या. खूप हसले. मग तिथेच रडले, कारण तू चार वेळा यादी मागितली होतीस आणि मी सहा वेळा, आणि आठ दिवसांत पहिल्यांदाच मला वाटलं की या खोलीत मी एकटी मूर्ख नाही.

‘रद्दी’त २८ तारखेच्या पहाटेची प्रत होती. आणखी पाच-सहा दिवसांनी ती गळली असती.

एक कळत नाही. तुला ती ओळ नको होती, तर पुसता आली असती. मशीन बंद केलं असतंस तरी खिडकी वहीत काही न लिहिता मेली असती. आणि ओळीच्या आधी एक जागा सोडली की ती वहीत जातच नाही, हे तर मला शिकवलंस तूच. मग चार वर्षं खिडकी उघडी ठेवून चिठ्ठी का?

शेंडेफळ


११ फेब्रुवारी

चि. शेंडेफळास पुष्कळ आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या बाबांनी मोठ्याने वाचून दाखवलं, म्हणजे माझी अब्रू माझ्याच घरात मलाच ऐकवली. अकराव्या ओळीशी ते थांबले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, ‘ताई, तूसुद्धा?’ साठ वर्षं ज्या भावाच्या वहीतल्या चुका मी काढल्या, त्याच्या तोंडून हे ऐकावं लागलं. दोन दिवस ते कारण नसताना शीळ घालत फिरताहेत.

आधी जागा सोडायचं म्हणतेस. चूक करण्याआधी जागा सोडायची आठवण झाली असती, तर चूकच कशाला झाली असती?

राहिली पुसायची गोष्ट. पुसायला बसले होते मी. बोट ठेवलं होतं. पण त्याच हाताने अर्ध्या तासापूर्वी नको ते पुसलं होतं, आणि आता ते पुसल्याचंही पुसायचं, हे काही केल्या जमेना. खोटी वही लिहिणं मला जमलं नाही. खरी वही सगळ्यांसमोर ठेवणंही जमलं नाही, कारण बाहेर हार घेऊन उभी असलेली माणसं मला कधीच न चुकणारी बाई म्हणून निरोप द्यायला आली होती. म्हणून खिडकी उघडीच ठेवली. बंद केली नाही तर वहीत जाणार नाही आणि पुसलीही जाणार नाही. झाकली मूठ. वर चिठ्ठी लावली आणि जाऊन हार घालून घेतला. साहेब माझ्या निष्ठेवर बोलत होते तेव्हा माझं लक्ष मशीनच्या दाराकडे होतं.

पण खरी चूक ती नव्हे. ‘दोन वर, एंटर’ हा फास मी स्कॅनरताईंच्या बोटात घातला, त्याने मलाच धरलं, आणि मी ते त्यांना सांगितलं नाही. त्या दिवशी बाहेर येऊन नुसतं म्हटलं असतं, मोजू नका, मी आत्ताच आपटले, तर तुझं तुला निस्तरावं लागलं नसतं. प्रत ठेवायची व्यवस्था केली आणि शहाणपण मात्र लपवून ठेवलं. माझं चुकलं, पोरी. हे लिहायलाच दोन कागद फाडले होते.

आता खिडकी बंद कर. मशीन नाही, खिडकी. रीतसर. अकराच्या अकरा ओळी वहीत जाऊ देत. आणि, हे पत्र उशिरा पोचेल हे कळतंय तरी लिहिते, उद्या साहेब आले की त्यांना तूच सांग काय झालं होतं ते. मग कायम केलं तर केलं.

आत्या


१७ फेब्रुवारी

तीर्थरूप आत्या,

नमस्कार. या वेळी उठून केलाय, स्कॅनरताई साक्षीला आहेत.

तुझं पत्र १५ ला पोचलं, साहेब १२ ला येऊन गेले. पण सांगितलं होतं मी, तू म्हणायच्या आधीच. त्यांनी चारशे बारा नकाशे पाहिले, खूश झाले आणि म्हणाले, काही अडचण आली का? मी होय म्हटलं आणि अडचण सांगितली. साहेबांनी विचारलं की पुन्हा होऊ नये म्हणून काय केलंय. तेव्हा मी त्यांना खिडकीशी नेऊन दाखवलं.

आता असं आहे. वरचा बाण दाबला की ज्याच्या त्याच्या खिडकीतलीच आज्ञा येते, दुसऱ्याची कधीच नाही. स्कॅनरताईंची मोजणी त्यांना परत मिळाली. पण वहीत मात्र सगळ्यांचं सगळं जातं, एंटर दाबताक्षणी. कोणाचं कोणामुळे पुसलं जात नाही. दुसऱ्याची आज्ञा हवी असेल तर वही चाळायची वेगळी कळ आहे. प्रत्येक ओळीपुढे ती कोणत्या खिडकीतून, कोणत्या फोल्डरात, कधी दिली ते दिसतं. आणि निवडली तरी ती लगेच चालत नाही. नुसती समोर येऊन उभी राहते, वाचून पुन्हा एंटर दिलं तरच कामाला लागते. तुझ्या भाषेत, चुली चार, भांडी ज्याची त्याने घासायची, पण काय शिजतंय ते सगळ्यांना कळतं.

साहेब म्हणाले, हे आधीच का नाही केलं? मी म्हटलं, आधी आपटायचं राहिलं होतं. कागद काल आला. स्कॅनरताईंना दोन वर्षं आणि मला कायम. बाबांना सांग, आता धीर सोडला तरी चालेल.

ताईंनाही खरं सांगितलं. त्या दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मी आठ दिवस मान डोलावली म्हणून, नकाशे गेले म्हणून नाही. दुसऱ्या दिवशी आल्या, पर्स खाली ठेवली, दोन वर दाबलं, आणि एंटरच्या आधी ओठ हलवत अख्खी ओळ वाचली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘आता चेहरा सरळ कर.’

तुझी खिडकी पत्र आलं त्या दुपारीच बंद केली. आधी आमच्या वहीची प्रत काढून ठेवली, नाहीतर तुझी जुन्या वळणाची खिडकी जाता जाता आम्हा सगळ्यांचं पुसून गेली असती. मग रीतसर निरोप दिला. तुझ्या ओळी वहीत उतरल्या आणि आमच्या ओळींच्या आधी नेऊन लावल्या. आता कोणी वही चाळून ‘इथलं सगळं पूस’ शोधलं, की पहिली येतेस तू, मग मी, मग स्कॅनरताई. तिघी ओळीने उभ्या आहोत आणि प्रत्येकीच्या खाली यादीची रांग. चिठ्ठी मी फेकली नाही, माझ्या खणात आहे.

‘रद्दी’चं नाव बदलू का असं विचारलं, तर ताई म्हणाल्या, राहू दे, मोठ्या बाईंनी ठेवलंय. मग त्यांनी तुझ्या सगळ्या ओळी वाचल्या, शेवटच्या ‘किती वाजले’पर्यंत, आणि जरा हिरमुसून म्हणाल्या, ‘म्हणजे त्या दिवशी मोठ्या बाई रडत नव्हत्या.’ चार वर्षं त्या सगळ्यांना ती गोष्ट सांगत आल्यात. काय सांगू त्यांना?

तुझं शेंडेफळ


२२ फेब्रुवारी

चि. शेंडेफळास आशीर्वाद.

कपाटातलं यंत्र काढून कानात घातलंय. रविवारी फोन कर, कायम झालीस ते तुझ्या तोंडून ऐकायचं आहे.

स्कॅनरताईंना सांग, रडले होते. चौथ्या ओळीनंतर, यादी भरून आली तेव्हा.

आत्या